खांबामागचे चार सेकंद

केमीच्या जुन्या आइस हॉकी हॉलमध्ये, छताच्या तुळईला,
मी कॅमेऱ्याला मान बसवली.
दोन मोटारी: एक डावी-उजवी, एक वर-खाली.
दहा वर्षांखालच्या पोरांच्या संघाला
कॅमेरामन परवडत नाही,
आणि निम्म्या पोरांचे आईबाप
जहाजावर, नाहीतर गिरणीच्या रात्रपाळीला,
नाहीतर नुसतेच वेगळे राहणारे.
त्यांना फोनवर आपलं पोर दिसावं, एवढंच काम.

पोरं फार सुसाट.
म्हणून सुरुवातीला कॅमेऱ्याच्या हाती दिला ताउनो.
ताउनो कार्क्काइनेन, वय एकसष्ट.
पहाटे पाच चाळीसला
बर्फ गुळगुळीत करणारी गाडी लांबट गोल फिरवतो,
मग उतरून फावड्यानं कडा खरवडतो,
डावा पाय जरा मागे ठेवत.

पहिल्या दिवशी कॅमेरा त्याच्यामागे वळला
आणि अख्खा हॉलच पळायला लागला.
जाहिरातींचे फळे, रिकामी बाकं, लाल रेघ,
चौकटीत सगळेच संशयित.
तेव्हा शिकवलं: आधी स्वतःची हालचाल वजा कर.
उरेल तो माणूस.
(हे मलाच कुणी वेळेवर शिकवायला हवं होतं.
ते असो.)

मग उशिराची भानगड.
दिसणं, कळणं, मोटार फिरणं,
यात ऐंशी मिलिसेकंद जातात.
दिसतो तिथे तो आता नसतोच.
म्हणून, आहे तिथे बघू नकोस,
असेल तिथे बघ.
अंदाजाभोवती एक अंडाकृती ठेव शंकेची:
तो दिसत राहिला की आवळायची,
दिसेनासा झाला की सैल सोडायची.

एक दिवस ताउनो कोपऱ्यातल्या खांबाआड गेला
आणि बाहेर आलाच नाही.
अंदाजाची चौकट मात्र चालत राहिली,
त्याच्या वेगानं, त्याच्या पायासारखी किंचित अडखळत,
रिकामी,
दारापर्यंत.
शंका पसरत गेली बाकांवर, छतावर,
बाहेरच्या बर्फात उभ्या गाड्यांवर.
दृष्टीआड सृष्टी, असं आपण म्हणतो.
यंत्राला हे पटलं की कारभार आटोपला.

मी जिना उतरून धावत गेले.
खांबामागे ताउनो, एक हातमोजा काढलेला,
थर्मासच्या टोपणात कॉफी.
म्हणाला, "सापडलो?
एकोणतीस वर्षं झाली इथे.
लोक येतात तेव्हा माझं काम उरकलेलं असतं.
माझ्यासाठी मान वळवणारं हे पहिलंच कुणीतरी.
म्हटलं बघू, किती वाट बघतंय."

त्या रात्री मी एक ओळ लिहिली.
खांबापाशी हरवला तर पुढे जाऊ नकोस, थांब.
चार सेकंद. एक घोट आणि हातमोजा.

मार्चमध्ये त्याचा खुबा बदलला.
गाडीवर आता ओन्नी, बावीस वर्षांचा,
कानात गाणी, कोपरे भराभर.
आणि एप्रिलात वेन्लाच्या आईचं पत्र, जहाजावरून:
"माझी लेक गोल मारत होती
आणि तुमचा कॅमेरा खांब बघत बसला होता."

चूक माझीच. सामन्यांसाठी चाराचा अर्धा केला.
पहाटेचं राहू दिलं.
पहाटे कोण बघतंय?

यादी उघडली तर पाच चाळीसला
एक फोन जोडलेला. रोज. एकच.
ओन्नी खांबाआड जातो, क्षणात पलीकडे निघतो,
कॅमेरा तिथेच, मान वळवून,
एक, दोन, तीन, चार,
मग हलतो.

काल त्या फोनवरून निरोप आला:
"पोराला सांग, खांबामागची कड
आजही खरवडली नाही."

तिथलं कॅमेऱ्याला दिसत नाही.
मी जाऊन पाहिलं.
खरंच राहिली होती.